ग्रीफेनमार्कचा उजवा हात

"उचला," बॅरन म्हणाले.

मी महाराजांचा उजवा हात मनगटाला धरून खांद्याइतका वर नेला आणि सोडला. तो मांडीवर येऊन पडला, ओल्या टॉवेलासारखा.

"किती दिवस लागतील?"

"कशाला?"

"सही करण्याइतपत व्हायला."

"ज्यांचा हात आहे त्यांना विचारू की आधी."

खुर्चीतले म्हातारे गृहस्थ खिडकीतून तळ्याकडे बघत होते. मान न वळवता म्हणाले, "मला विचारायच्या भानगडीत पडू नका. बासष्ट वर्षांत मला कोणी काही विचारलेलं नाही. आता सवय लागायची नाही."

ही माझी आणि महाराजांची पहिली भेट. साल चोपन्न, जुलै महिना, स्वित्झर्लंडमधल्या एका तळ्याकाठच्या भाड्याच्या घराचा तिसरा मजला. मी तिथे कसा पोचलो ते सविस्तर सांगायला बसलो तर तुमची संध्याकाळ पुरायची नाही. थोडक्यात सांगतो. मी हिंदुराव खराडे, कडेगावच्या तालमीत वाढलो, खांदा निखळल्यावर कुस्ती सुटली आणि मालिश करायला लागलो. एका सर्कशीबरोबर बोटीत बसून युरोपात उतरलो. त्रिएस्त बंदरात मालक एका सकाळी तंबू, वाघ आणि आम्हा अकरा जणांना सोडून नाहीसा झाला. वाघाला आठवड्याभरात नोकरी मिळाली. मला चार वर्षं लागली. मग एका उमराव बाईचा गुडघा मी नीट केला, आणि त्या गुडघ्यावर चालत माझी कीर्ती या घरापर्यंत आली.

त्यांची भाषा मला तोवर येत होती. प्रिन्सला त्यांच्यात काय म्हणतात तेही येत होतं, पण ते म्हणताना जीभ तीनदा दुमडावी लागते. मी महाराज म्हणायचो. त्यांना ते आवडलं. म्हणाले, "निदान कळत तरी नाही मी कशाचा ते."

ते ग्रीफेनमार्कचे होते. नकाशात शोधू नका. छत्तीस वर्षांपूर्वी पहिल्या महायुद्धात ते संस्थान गेलं, आणि होतं तेव्हाही एवढंसंच होतं, की महाराजांच्या वडिलांनी शिकारीत झाडलेली गोळी दोनदा शेजारच्या देशात जाऊन पडली आणि दोन्ही वेळा लेखी माफी मागावी लागली. पण गादी जाते तेव्हा गादीचे नियम जात नाहीत. ते बॅरन ओडिलोंच्या चामडी पाकिटात होते, आणि ते पाकीट बॅरन जेवतानासुद्धा काखेतून काढत नसत.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला ते नियम समजावून सांगितले.

"आमच्याकडे राजपुत्राने खालच्या घरातली मुलगी केली, तर तो लग्नात तिला डावा हात देतो. त्या लग्नाची बायको राणी होत नाही, मुलं गादीवर बसत नाहीत. त्यामुळे आमच्या घराण्यात डाव्या हाताने केलेलं काहीच धरलं जात नाही. सही नाही, शपथ नाही, काही नाही."

"आमच्याकडेही डाव्या हातात प्रसाद घेत नाहीत," मी म्हणालो.

"मग तुम्हाला कळेल." बॅरनना बरं वाटलं. "वारसाचं नाव महाराजांनी स्वतःच्या उजव्या हाताने लिहायचं. आणि वयाची ऐंशी पुरी व्हायच्या आत. त्यानंतर केलेली नेमणूक धरत नाहीत."

"ते का?"

बॅरननी जरा घसा साफ केला. खुर्चीतून महाराजच म्हणाले, "माझ्या खापरपणजोबांनी एक्क्याऐंशीव्या वर्षी आपल्या शिकारी कुत्र्याला वारस नेमलं. कुत्रा सुदैवाने आधी मेला."

महाराजांची ऐंशी बारा ऑक्टोबरच्या रात्री भरत होती. मेमध्ये त्यांना झटका आला, उजवी बाजू गेली. पाय परतला, तोंड परतलं, हात राहिला. त्यांचा एकुलता एक मुलगा, ज्याचं नाव पूर्वी लिहून झालं होतं, तो चार वर्षांपूर्वी वारला होता. राहिला नातू, माटियास. बारा ऑक्टोबरपर्यंत त्याचं नाव कागदावर आलं नाही, तर ग्रीफेनमार्कचं घराणं त्या दिवशी कायमचं मिटणार होतं. सही झाली तर मला मुंबईपर्यंतचं जहाजाचं तिकीट मिळणार होतं. आठ वर्षांत मी घर पाहिलं नव्हतं. मी बाह्या सरसावल्या.

माटियास रविवारी यायचा. अठ्ठावीस वर्षांचा, गुरांचा डॉक्टर, हात कोपरापर्यंत खरबरीत. बरोबर बायको, रोझी. ती एका गावच्या डेअरीत दूध मोजून घ्यायची. ठसठशीत बाई, मोठ्याने हसायची, चौथा महिना होता. तिच्याशी त्याने नगरपालिकेत सही करून लग्न केलं होतं, कोणाला न विचारता.

महाराजांना ती आजोबा म्हणायची. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा बॅरनच्या काखेतलं पाकीट खाली पडलं होतं, असं महाराज मला सांगायचे, आणि दर वेळी त्या पाकिटाचा आवाज थोडा मोठा व्हायचा.

"आजोबा, तुम्ही कधी गाय पिळलीय?"

"मी लढाई हरलोय, राज्य घालवलंय. गाय कशी असते मला काय माहीत."

"परक्या माणसाला ती दूधच द्यायची नाही."

"राजाला देईल."

"राजाला तर नाहीच. हात बरा झाला की या, बघू."

एका रविवारी माटियास माझ्यामागून जिन्यापर्यंत आला.

"हात सुधारतोय का?"

"तुम्हाला तो सुधारायला हवाय?"

तो कठड्यावरचा रंग नखाने खरवडत राहिला. मग म्हणाला, "माझं नाव लिहिलं गेलं, तर रोझीला सोडावं लागेल. पुढच्या पोराला घराण्याचं नाव नाही. बॅरननी माझ्यासाठी एक बघून ठेवलीय."

फोटो मी पाहिला होता. त्या राजकन्येपेक्षा तिची वंशावळ देखणी होती.

"नाही म्हणा की."

"वडिलांनी मरताना शब्द घेतलाय. आजोबांनी नाव घातलं तर मी मागे हटणार नाही, असा."

"शब्द मोडता येतो, डॉक्टर."

"तुमच्याकडे येतो?"

मी विचार केला. "आमच्याकडेही येत नाही. लोक मोडतात, ते वेगळं."

तो हसला नाही. म्हणाला, "तुमचं काम करा. तुमचा दोष काहीच नाही." आणि खाली गेला, बायकोचा कोट घ्यायला विसरून. मग ती तो घ्यायला वर आली, आणि मी कोट झटकत असल्यासारखं केलं.

हाताचं सांगतो. मी त्या वेळेपर्यंत हजारभर तरी हात दाबले असतील. मेलेला हात जड असतो. तो उचलताना तुम्हाला सगळा उचलावा लागतो, बादलीसारखा. जिवंत माणूस हात सैल सोडल्याचं सोंग करतो तेव्हा तो हात थोडा हलका लागतो. तुम्ही उचलायला लागलात की तो किंचित मदत करतो. ज्याचा हात आहे त्यालाही ते कळत नाही. सवयीने करतो बिचारा.

महाराजांचा हात पहिले पंधरा दिवस बादली होता. मग तीळतेल लागू पडलं म्हणा, आमच्या वस्तादांची पुण्याई म्हणा. ऑगस्टच्या सुरुवातीला एका सकाळी मी तो उचलला आणि त्याने मदत केली.

 दुसऱ्या दिवशी पुन्हा केली. तिसऱ्या दिवशी मी अंगठ्याच्या मुळाशी दाबलं, तिथे दाबलं की पैलवानही ओरडतो. महाराज तळ्यातल्या बदकांबद्दल बोलत राहिले, फक्त बदकांची संख्या मध्येच सहावरून अकरावर गेली.

बॅरन दारात उभे होते. "काही फरक?"

महाराज माझ्याकडे बघत होते. त्यांचे डोळे फिके निळे होते, पाणी जास्त झालेल्या शाईसारखे. त्यात विनंती वगैरे नव्हती. दमणूक होती. रांगेत फार वेळ उभा राहिलेला माणूस पुढच्याच्या पाठीकडे बघतो, तसं ते बघत होते.

"नाही," मी म्हणालो. "थंड आहे."

बॅरन गेल्यावर मी हलकेच म्हटलं, "महाराज, सोंग वाईट वठतंय. माझ्या जागी जरा बरा डॉक्टर आला तर पहिल्या मिनिटाला पकडेल."

"काय चुकतंय?"

"हात मदत करतो."

त्यांनी हाताकडे पाहिलं. "मूर्ख आहे तो," ते म्हणाले. "साठ वर्षं जे समोर ठेवलं त्यावर सही केली त्याने. आता सांगतोय की थांब, तर ऐकत नाही."

"कशासाठी चाललंय हे?"

"तू मालिश कर, पैलवान."

आता मी केलं ते सांगतो. तालमीत आम्हाला शिकवायचे, की समोरचा भारी असेल आणि तुम्ही खाली सापडलात, तर अंग सोडून द्या. जोर लावलात तर त्याला धरायला जागा मिळते. वस्ताद म्हणायचे, हात आहे हेच विसर. विसरलेला हात कोणालाच उचलता येत नाही. हे मी त्या ऐंशीच्या म्हाताऱ्याला शिकवायला लागलो. रोज सकाळी तास-दीड तास.

"महाराज, बोटांपासून सुरू करा. ही बोटं कोणाची?"

"माझी."

"चूक. कोणाची?"

"...तुझी."

"माझीही नाहीत. टेबलावर कोणीतरी विसरून गेलंय."

"बॅरन विसरून गेलेत. त्यांना परत नेऊन दे."

ते हसायचे, आणि हसलं की खांदा हलायचा, खांदा हलला की हात हलायचा, की पुन्हा पहिल्यापासून. पण म्हातारा जिद्दीचा. ऑगस्ट संपता संपता जेवताना, झोपताना, पायऱ्या उतरताना तो हात बाजूला लोंबायचा, दुसऱ्याच्या कोटाची बाही चुकून अंगाला लागल्यासारखा. मी टाचणी टोचली, गरम चमचा लावला. चेहऱ्यावर रेघ हलली नाही. मी खूश. चेला तयार झाला म्हटल्यावर कोणता वस्ताद खूश होत नाही?

सप्टेंबरमध्ये एका दुपारी बॅरन मला तळ्याकाठच्या बाकावर भेटले. पाकीट मांडीवर होतं. त्यांनी मला बसायला जागा दिली, म्हणजे पाकीट या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं.

"खरं सांगा, खराडे. येईल?"

"अवघड आहे."

"मी बाविसाव्या वर्षी दरबारात लागलो. सहा वर्षांनी राज्य गेलं. तेव्हापासून मी ते गेलं नसल्यासारखं वागतोय. दर वसंतात तिकडून कोणीतरी पत्र लिहितं, की लोक राजाला परत बोलावणार आहेत. मी त्या पत्राला उत्तर लिहितो. दर वसंतात." त्यांनी डोळे मिटले. "दमतो हो माणूस."

"मग सोडून द्या की."

"महाराज गेले आणि मागे कोणी नसलं, तर मी कोण? तिसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू."

मला त्यांची कीव आली. शत्रू म्हणून ते फारच थकलेले होते, त्यांच्याशी खोटं बोलण्यात मजा येत नव्हती.

बारा ऑक्टोबरला सकाळी दहा वाजता सगळे जमले. महाराज काळ्या कोटात, त्यावर एक पदक, बाकीची पदकं कोटाला झेपत नव्हती. बॅरन. माटियास दाराशी, लग्नाला आल्यासारखा केस बसवून. रोझी त्याच्या मागे, पोट आता स्पष्ट दिसत होतं. आणि बॅरननी शहरातून बोलावलेले एक डॉक्टर, तरुण, चष्मेवाले, घाईत असलेले. त्यांना मज्जातंतूंचं कळत होतं, आणि कोणी सोंग करत असेल तर ते कसं ओळखायचं तेही. बॅरनना संशय आलेला होता तर.

टेबलावर कागद पसरलेला. दौत. लेखणी.

डॉक्टरांनी टाचणी टोचली. महाराज खिडकीबाहेर बघत होते. डॉक्टरांनी हातोडी मारली, बोटं मागे वाकवली, नखाखाली दाबलं. चेल्याची कुस्ती कडेला बसून वस्ताद बघतो, तसा मी बघत होतो. मग ते म्हणाले, "जरा आडवे व्हा."

महाराजांना कोचावर निजवलं. डॉक्टरांनी हात मनगटाला धरून सरळ चेहऱ्यावर नेला, नाकाच्या बरोबर वर, हातभर उंच. मला ही युक्ती माहीत नव्हती. पाहिली आणि लगेच कळली. हात जिवंत असेल तर तो स्वतःच्या तोंडावर पडत नाही. कितीही शिकवा. शेवटच्या क्षणी बाजूला जातो, चार बोटं तरी जातोच.

डॉक्टरांनी हात सोडला.

तो सरळ खाली आला. त्यातली सोन्याची अंगठी नाकाच्या हाडावर बसली, त्याचा आवाज आम्हा सगळ्यांना आला. रक्त आलं, मिशीतून हनुवटीवर, तिथून त्या एका पदकावर.

"आजोबा," रोझी पुढे धावली आणि आपल्या ओढणीसारख्या रुमालाने नाक दाबून धरलं. डॉक्टरकडे वळून म्हणाली, "तुम्ही माणसांचे डॉक्टर आहात की गुरांचे? गुरांचे असे करत नाहीत."

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "हात गेलेला आहे," ते बॅरनना म्हणाले. "परत येणार नाही."

बॅरन माझ्याकडे वळले. "तुमचं काय म्हणणं?"

"तेच," मी म्हणालो.

 बॅरननी कागदाची घडी घातली, पाकिटात ठेवला, पाकिटाचा पट्टा लावला. तो पट्टा लावायला त्यांना तीन प्रयत्न लागले. महाराजांपुढे वाकले, बेचाळीस वर्षं रोज वाकत आले तसेच, आणि म्हणाले, "मी पत्रं लिहून कळवतो सगळ्यांना."

"जेवून घ्या आधी, ओडिलो," महाराज नाकातून म्हणाले. मी त्यांना बॅरनचं पहिलं नाव घेताना कधी ऐकलं नव्हतं. बॅरननीही बहुधा नसावं. ते जरा थांबले आणि मग गेले.

माटियास कोचाशी गुडघ्यावर बसला. त्याने आजोबांचा उजवा हात उचलून स्वतःच्या गालाला लावला. तोंड उघडलं असतं तर रडला असता. महाराज म्हणाले, "गाडी किती वाजता?"

"साडेबारा."

"मग निघा. हिला धावपळ करायला लावू नकोस."

रोझीने त्यांच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि दोघं निघाली. जिन्यावरून तिचा आवाज बराच वेळ येत होता, डॉक्टरबद्दलच काहीतरी चाललं होतं.

मी दार लावलं. कुस्ती मारल्यावर अंग हलकं होतं तसं माझं झालं होतं. जहाजाचं तिकीट गेलं होतं, आणि तरी मला हसू येत होतं.

"शाब्बास महाराज. माझ्या उभ्या जन्मात असा डाव बघितला नाही. नाकावर घेतलात. कसं जमवलंत?"

ते छताकडे बघत होते. रुमाल लाल झाला होता.

"माटियासच्या बापाचं नाव मी याच हाताने लिहिलं होतं," ते म्हणाले. "तो पन्नासेक वर्षं जगला. त्यातला एकही दिवस त्याचा नव्हता. मग प्यायला लागला. आणि जाताना पोराकडून शब्द घेऊन गेला. मी अठराव्या वर्षी माझ्या बापाच्या उशाशी शपथ घेतलीय, की गादी पुढे देईन. नाही म्हणणं माझ्या तोंडात बसत नाही, पैलवान. तेवढं एक या हाताकडून करून घेतलं."

"झालं ते. संपलं. आता उचला बघू."

"काय?"

"हात. आता कोण बघतंय? जरा रक्त फिरू दे त्यात."

 मी कोचाजवळ गेलो, हात धरला, उचलला.

बादली.

मी अंगठ्याच्या मुळाशी दाबलं. जोरात दाबलं. त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो, एखादी पापणी, एखादं बदक. काही नाही.

"महाराज, आता नका विसरू. आठवा. बोटं तुमची आहेत."

"हो ना," ते म्हणाले. "मी दहा मिनिटं तेच सांगतोय त्यांना."

"कधीपासून असं?"

"कोणास ठाऊक. दोन आठवडे, तीन आठवडे. एका सकाळी उठलो तर अगदी छान जमत होतं. मला वाटलं, मी फार चांगलं विसरायला लागलोय."

दुसरा झटका असेल, झोपेत आलेला, असं नंतर मला दोन डॉक्टरांनी सांगितलं. मीही तसंच सांगत आलोय. पण त्या तेलाच्या वाटीपाशी बसून, रोज सकाळी, तास-दीड तास, बोटं कोणाची म्हणून त्यांना कोण विचारत होतं ते मला माहीत आहे.

मी तेल घेतलं आणि खांद्यापासून सुरू केलं. खांदा, दंड, कोपर, मनगट. पुन्हा खांदा. माझा घाम त्यांच्या काळ्या कोटावर पडत होता. कोट काढायचंही सुचलं नव्हतं. किती वेळ गेला कळलं नाही. तळ्यापलीकडून रेल्वेची शिट्टी ऐकू आली, बारीक.

"साडेबाराची?" त्यांनी विचारलं.

"हो."

"गेली?"

मी खिडकीशी जाऊन पाहिलं. काठाकाठाने डबे चालले होते, शेवटचा डबा बोगद्यात शिरेपर्यंत मी उभा राहिलो.

"गेली."

मी परत येऊन हात धरला.

"राहू दे तो आता," महाराज म्हणाले आणि डोळे मिटले. "पाय दाब जरा. सकाळपासून दुखतायत."